हरिहरेश्वरच्या कातळावर कॅमेरा घेऊन जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे हरिहरेश्वर आहे. देवळामागच्या डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट एका अरुंद घळीतून पायऱ्यांनी खाली समुद्रात उतरते आणि समोर जाळीदार काळा कातळ पसरलेला दिसतो. मी बरीच वर्षं तिथे फोटो काढायला जातोय. फोटो पाहिल्यावर लोक जे विचारतात त्याची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. लेन्सबद्दल सगळे विचारतात, पाण्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. म्हणून पाण्याचं आधी.

कधी जावं? नोव्हेंबर की जानेवारी?

महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची. हा कातळ दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. तुम्ही सुट्टी पाहून शनिवारी पोहोचलात आणि त्या दिवशी अष्टमी असली, तर पायऱ्यांवरून पाण्याकडे बघत बसाल.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यापासून सहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. तिथी शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण बेत ठरवायला एवढं पुरतं.

आता हाच हिशोब फोटोग्राफरच्या नजरेने करून बघा. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. शिवाय ते उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी सगळ्यात जास्त मागे सरतं. म्हणजे कातळ सगळ्यात जास्त उघडा पडतो तो नेमका उजेड कोवळा असतानाच, आणि असं दर पंधरवड्याला होतं. अष्टमीला सगळं उलटं: ओहोटी भर दुपारी बाराला, आणि भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असल्यामुळे ते धड मागे जातच नाही. वरून ऊन टळटळीत.

मी स्वतः प्रतिपदा आणि द्वितीया धरून जातो. त्यातही वद्य प्रतिपदेची पहाट चुकवू नका. मागे सह्याद्रीच्या बाजूला उजाडत असतं, समोर समुद्रावर जवळजवळ पूर्ण चंद्र मावळत असतो आणि मध्ये ओला कातळ. बरेच लोक पौर्णिमेची संध्याकाळ धरून येतात आणि फोटो काढून रात्रीच निघतात. एक रात्र राहिले असते तर!

महिना विचारालच, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा समुद्र शांत असतो. मार्चनंतर क्षितिजावर धुरकटपणा येतो.

मला तिथी-बिथी कळत नाही. ॲप बघितलं तर चालेल?

चालेल, चांगलंच आहे. फक्त दोन गोष्टी. एक, मुंबईची वेळ जशीच्या तशी धरू नका. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. दोन, वेळेबरोबर पाण्याची उंचीही पाहा. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. सकाळी उघडी पडलेली खडपं संध्याकाळी पाण्याखालीच राहू शकतात.

खाली किती वेळ थांबता येतं?

ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, पाणी मागे जाताना त्याच्यामागून पुढे सरका, आणि पाणी फिरलं की निघा. पाणी फिरल्यावर ‘अजून तर लांब आहे’ असं वाटतं, तिथेच माणूस फसतो. भरती सहा तास सारख्या वेगाने येत नाही. पहिल्या तासात एकूण उंचीचा जेमतेम बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. म्हणजे पहिला तास पाणी तुम्हाला गाफील ठेवतं.

माझंही झालंय. एका संध्याकाळी तीस-तीस सेकंदांचे फोटो घेत एका खळग्यापाशी बसलो होतो. पाठ किनाऱ्याकडे, बॅग मागच्या खडकावर. बाजूला एक मावशी कोयतीने कालवं काढत होत्या. त्या उठल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, ‘बाबा, पाणी फिरला.’ मी ‘हो, निघतोच’ म्हणालो आणि आणखी चार फोटो घेतले. वळून पाहतो तर ज्या चरातून आलो होतो तो मांडीएवढा भरलेला, आणि बॅगेच्या खडकाला लाटा लागलेल्या. कॅमेरा डोक्यावर धरून बाहेर आलो. बॅग वाचली, आतलं एक लेन्स भिजलं. तेव्हापासून नियम एकच: कालवंवाल्या बायका उठल्या की मी उठतो.

चेष्टेचा विषय नाही हा. इथे माणसं वाहून गेली आहेत, आणि त्यातली सगळी काही बेफाम पोहणारी नव्हती. काही नुसती उभी होती. प्रदक्षिणेची वाट भरतीच्या वेळी बंद आहे असं कोणी सांगितलं तर हुज्जत घालू नका. कातळाचा जो भाग ओला चकचकीत आहे तिथे लाट नुकतीच येऊन गेली आहे, एवढं तरी लक्षात ठेवा. उतरण्याआधी दहा मिनिटं वर उभं राहून लाटा बघा. सात-आठ लहान लाटांनंतर एखादी मोठी येते, ती कुठपर्यंत पोहोचते ते पाहून तिपाई कुठे लावायची ते ठरवा.

हे दगड खरंच कोट्यवधी वर्षांचे आहेत?

दगड हो, नक्षी नाही. या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते.

कातळ दख्खनच्या लाव्हाचा, काळा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो थर आहे. सह्याद्रीचे कडे, लेण्यांचे डोंगर, आपले बहुतेक किल्ले त्याच दगडाचे. डायनोसॉर संपले तोही साधारण हाच काळ.

जाळी मात्र समुद्राचं काम, आणि समुद्र आजच्या पातळीला येऊन काही हजार वर्षंच झाली आहेत. खारं पाणी दगडाच्या बारीक भेगांत मुरतं. ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि आत मिठाचे स्फटिक वाढतात. ते दगडाचा कण न कण ढिला करतात. एकदा खोलगटपणा आला की तिथे ओल जास्त वेळ टिकते, म्हणून भोक आणखी खोल होतं आणि दोन भोकांमधली भिंत उभी राहते. पाहायला मधाच्या पोळ्यासारखं. एखाद्या भोकात बोट घालून पाहा: आत पिठासारखी पांढरी पूड हाताला लागते, चव घेतलीत तर मीठ. कडेला वाटाण्याएवढा शंखवाला जीव चिकटून बसलेला असतो. कामकाज अजून चालूच आहे.

पायथ्याशी जो सपाट ओटा दिसतो, तो लाटांनी डोंगराचा पाय कापत नेल्यामुळे झालेला. आणि गोल खळगे दिसतात ते अडकलेल्या गोट्यांनी गरगर फिरून कोरलेले. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील तर लगेच ओळखाल.

जीवाश्म सापडतील का? आणि ती कातळशिल्पं हीच का?

दोन्हीला नाही. तापलेल्या लाव्हात जीवाश्म टिकत नाहीत. दोन लोटांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळात टिकतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत असे बेडकांचे जीवाश्म सापडले होते. कातळशिल्पं माणसांनी कोरलेली आहेत आणि ती रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यांवर आहेत, किनाऱ्यावर नाहीत. उक्षी, देवीहसोळ, बारसू, कशेळी ही नावं शोधा.

सकाळ चांगली की संध्याकाळ?

बहुतेक जण संध्याकाळ म्हणतील, कारण सूर्य समुद्रात बुडतो. मला विचाराल तर सकाळ. डोंगर पूर्वेला असल्यामुळे सूर्योदयानंतरही बराच वेळ कडा आणि कातळ सावलीत राहतो. उजेड असतो तो फक्त आकाशाचा, मऊ आणि निळसर. त्यात जाळीचं एकेक भोक वेगळं दिसतं. संध्याकाळी सूर्य थेट समोर येतो, कातळाची नुसती काळी आकृती होते आणि फोटो सूर्यास्ताचा होतो, दगडाचा नाही. सूर्यास्त तर कुठेही मिळतो.

संध्याकाळ घ्यायचीच असेल तर सूर्याकडे पाठ करा. शेवटच्या अर्ध्या तासात कड्यावर तांबूस ऊन पडतं. ते तिरकं येईल अशी जागा शोधली की प्रत्येक भोकाची सावली पडते.

कोणतं लेन्स न्यावं?

एकच न्यायचं तर रुंद कोनाचं. पूर्ण फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला १६-३५ मिलिमीटर, लहान सेन्सरच्याला १०-२०. पण रुंद लेन्स लावून उभ्यानेच फोटो काढला तर कातळ सपाट शेणाने सारवल्यासारखा दिसतो. तिपाई गुडघ्याखाली उतरवा आणि जाळी हातभर अंतरावर आणा. १६ मिलिमीटरवर लेन्सचं छिद्र एफ ११ ठेवून (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) साधारण मीटरभरावर फोकस केला की अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. एफ २२ वर जाऊ नका. खोली वाढल्यासारखी वाटते पण बारकावे मऊ पडतात.

लांब पल्ल्याचं लेन्स नवखे घरीच ठेवतात. ७०-२०० ने कड्याचा नुसता एक तुकडा उचलता येतो, आकाश नाही, माणसं नाहीत. माझे आवडते फोटो त्याच लेन्सचे आहेत.

पाणी धुक्यासारखं कसं करायचं?

शटर लांबवून, आणि त्यासाठी उजेड अडवणारं काळं एनडी फिल्टर लावून. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. हिशोब असा: फिल्टरशिवाय १/३० सेकंद येत असेल तर सहा स्टॉपच्या फिल्टरने दोन सेकंद होतात, दहा स्टॉपच्याने तीस-पस्तीस.

पण धुकं करायलाच हवं का? तीस सेकंदांत लाट नाहीशी होते, कातळ ढगात तरंगतो. एकदोनदा बरं वाटतं, मग सगळे फोटो सारखेच दिसायला लागतात. पाव ते एक सेकंदात मजा आहे. लाट आदळून परत जाताना कातळाच्या चरांतून दुधासारख्या धारा ओढल्या जातात, त्या दिसतात. बटण लाट येताना दाबू नका, ती परत फिरली की दाबा.

पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारं फिरतं फिल्टर असेल तर तोही न्या. ओल्या बेसाल्टवर आकाशाची जी पांढरी चमक येते ती फिरवून कमी करता येते. सगळी मात्र काढू नका, नाहीतर दगड ओला आहे हेच कळत नाही.

माझ्या फोटोत कातळ काळा न येता राखाडी का येतो?

कॅमेऱ्याला वाटतं जगात सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे. चौकटभर काळा दगड दिसला की तो बिचारा ‘अंधार आहे’ म्हणून उजेड वाढवतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा. फेसही वाचेल, पांढरा फेस एकदा जळला की तो नंतर काही केल्या परत येत नाही, सावलीतला दगड मात्र रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून) उजळता येतो.

मोबाइलने जमेल का?

जमेल. काच मात्र दर पाच मिनिटांनी पुसा. खाऱ्या तुषारांचा थर बसतो आणि लोकांना वाटतं मोबाइल खराब आहे. मोबाइल छोट्या तिपाईवर ठेवून टायमर लावा. आणि झूम करण्यापेक्षा खाली बसा.

मिठाने कॅमेरा खराब होतो म्हणतात...

होतोच. खाली असताना लेन्स बदलू नका. तिपाईचे सगळ्यात बारीक, तळाचे पाय आधी पूर्ण उघडा, म्हणजे वरचे सांधे पाण्याच्या वर राहतात. खोलीवर आल्यावर बादलीभर गोड्या पाण्यात पाय उघडझाप करून धुवा आणि सावलीत वाळवा. कॅमेरा ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. माझं ते भिजलेलं लेन्स मी ‘वाळलं की होईल ठीक’ म्हणून आठवडाभर तसंच ठेवलं होतं. दुरुस्तीवाल्याने उघडलं तेव्हा आतली रिंग हिरवी पडलेली होती.

खोलीत एसी असेल तर पहाटे बाहेर पडताना कॅमेरा लगेच बॅगेतून काढू नका. बाहेरची दमट हवा गार काचेवर जमते आणि चांगला अर्धा तास वाया जातो. मी बॅग रात्री पडवीतच ठेवतो.

पायात काय घालावं?

पकड असलेले, भिजले तरी चालतील असे रबरी तळव्याचे बूट किंवा मागून पट्टा असलेले सँडल. घसरवणारं हिरवं शेवाळ दिसतं तरी. काळं शेवाळ दगडाच्याच रंगाचं असतं, ते दिसत नाही. आणि पडताना हात टेकला तर कालवांची कवचं ब्लेडसारखी कापतात. पट्टी आणि जंतुनाशक जवळ असू द्या.

रात्री आकाशगंगेचा फोटो कातळासोबत?

कातळावर उतरून नको. हिशोब पुन्हा तोच: काळं आकाश हवं म्हणून अमावस्या, अमावस्येला ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत पाणी जोरात चढायला लागलेलं. पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून काढा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंधार पडल्या पडल्या आकाशगंगेचा दाट भाग नैर्ऋत्येला समुद्राच्या बाजूलाच असतो.

पावसाळ्यात?

नाही. १ जून ते ३१ जुलै मच्छीमारही होड्या वर ओढून ठेवतात. आपण कोण?

ड्रोन उडवू का?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशावर आधी जागा तपासा, आणि देवळाजवळ उडवण्याआधी गावात विचारा. माझं मत विचाराल तर नको. या किनाऱ्यावर समुद्री गरुड आहेत, ड्रोन दिसला की ते घरटं सोडून उठतात. शिवाय वरून ही जाळी दिसतच नाही. ती उभ्या कड्याच्या अंगावर आहे.

तिथे दिसणाऱ्या माणसांचे फोटो काढले तर?

विचारून. कालवं काढणाऱ्या बायका, गळ टाकून गरवायला बसलेली माणसं ही पोटाच्या मागे असतात, आणि त्यांच्या हातात ओहोटीचे मोजके तास असतात. आधी बोला, जमलं तर वाटाभर कालवं विकत घ्या. प्रदक्षिणा करणाऱ्यांना वाट द्या. हरिहरेश्वर पेशव्यांचं आणि कित्येक घरांचं कुलदैवत आहे. लोक विष्णुपद, गायत्रीतीर्थ करत येतात आणि तुमची तिपाई नेमकी पायऱ्यांच्या तोंडाशी असते.

आठवण म्हणून एखादा जाळीचा तुकडा?

राहू द्या तिथेच. भोकांमधल्या त्या भिंती बोटभर जाड असतात, पाय दिला तरी मोडतात. दगडावर दगड रचून मनोरे करणाऱ्यांचंही हल्ली पेव फुटलंय. मी ते दिसले की उतरवून ठेवतो. ऑइलपेंटने लिहिलेली नावं मात्र उतरत नाहीत.

हे झालं की पुढे कुठे जाऊ?

जवळच बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट वेसवीला उतरा, पलीकडे बाणकोट आणि वेळास. आणखी दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे दगडाची जातच बदलते, आणि गोव्यात काणकोणपर्यंत गेलात तर दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी पटींनी जुने खडक भेटतात.

खांबासारखे उभे दगड हवे असतील तर कर्नाटकात मलपेसमोरची सेंट मेरी बेटं. ती दख्खनच्या लाव्हाची नाहीत, त्याहून जुनी, सुमारे ८.८ कोटी वर्षांची; मादागास्कर भारतापासून तुटलं त्या काळातली. पावसाळ्यात तिथल्या होड्या बंद असतात. तेवढं लांब जायचं नसेल तर अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहा. तीही उभ्या खांबांचीच, फक्त भोवती समुद्राऐवजी इमारती आहेत.

पहाटे पाच वाजता चहा मिळतो का?

ज्यांच्या घरी उतरला असाल त्या काकूंना रात्री जेवतानाच सांगून ठेवा. झोपायला गेल्यावर सांगितलंत तर मिळणार नाही. आणि थर्मास न्या, परत येईपर्यंत साडेआठ होतात.